केतकी सरनोबत, हजर

कोल्हापुरात हॉकी खेळणाऱ्याला चिडवून घ्यायची सवय करून घ्यावी लागते. हे गाव फुटबॉलचं. तालमीतालमीचे संघ, संघासंघाचे झेंडे आणि मॅच हरली की आठवडाभर धुमसणाऱ्या पेठा. असल्या गावात पन्नाशीला टेकलेली बाई खांद्यावर हॉकीची स्टिक टाकून पहाटे बाहेर पडली, की दूधवाल्यापासून सगळे विचारणारच, "काय बाई, साप मारायला निघालाय काय?" पद्मजा सरनोबतनं हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तिनं उत्तर ठरवूनच टाकलं होतं. "साप नाही, तुम्हीच बसलाय वाटेत!"

पद्मजा एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. धाकटी बहीण केतकी तिच्याहून तीन वर्षांनी लहान, महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात. एकीचा नवरा वारला होता, दुसरीनं आपला सोडला होता, आणि आईच्या मागं उरलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघी रोज कडाकडा भांडत सुखानं राहत होत्या. कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो' म्हणतात. या दोघी केस पांढरे व्हायला लागले तरी तशाच बोलायच्या.

दर रविवारी सकाळी साडेसहाला कळंब्याच्या अलीकडच्या मैदानावर तीस-बत्तीस हौशी खेळाडू जमत. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी कॉलेजात शिकणारी. त्यांचा कारभार आप्पा नेजदारांकडे. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, याच दोघी बहिणींचे शाळेतले प्रशिक्षक. पद्धत ठरलेली होती. आधी आप्पा वहीत डोकं घालून हजेरी घेणार, प्रत्येकानं मोठ्यानं 'हजर' म्हणायचं. मग सगळ्यांच्या स्टिक मधोमध ढिगात टाकायच्या. आप्पा डोळे मिटून एक स्टिक डावीकडे, एक उजवीकडे फेकत जाणार, आणि ज्याची स्टिक जिकडं पडेल तो त्या संघात.

शाळेत असताना केतकी झोपाळू. थंडीत सरावाला यायची नाही. मग पद्मजा स्वतःच्या नावाला खणखणीत 'हजर' म्हणायची आणि केतकीचं नाव आलं की मान खाली घालून, आवाज बारीक करून आणखी एकदा. आप्पांनी कधी वहीतून डोकं वर काढलं नाही.

तीन वर्षांपूर्वी केतकीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि पद्मजानं आपली डावी किडनी तिला दिली. ती केतकीच्या पोटात उजवीकडे खाली बसवली. केतकी तिला 'धाकटी ताई' म्हणायची. मॅच संपली की पोटावर थोपटून म्हणायची, "धाकटी ताई बरी आहे हं. थोरली मात्र आज पळताना म्हशीसारखी दिसत होती."

त्या काळी, म्हणजे २०४१ सालच्या सुमाराला, किडनी बदललेल्या माणसानं हॉकी खेळणं यात नवल उरलं नव्हतं. ते एका यंत्रामुळं. कंपनीनं त्याचं लांबलचक नाव ठेवलं होतं; केतकीनं त्याचं बारसं केलं, 'राखण्या'.

यातलं शास्त्र फार अवघड नाही. दुसऱ्याचा अवयव कितीही प्रेमानं दिलेला असो, आपलं रक्त त्याला परका समजतं आणि त्याच्यावर धावून जातं. म्हणून रक्तातली ही फौज जन्मभर औषध देऊन गुंगीत ठेवायची. गुंगी जास्त झाली तर साध्या सर्दीनं माणूस आडवा होतो. कमी झाली तर अवयव जातो. पूर्वी डॉक्टर अंदाजानं मधला रस्ता धरत. राखण्या मोजून धरायचा. कुठल्याही अवयवाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. किडनी पद्मजाची, म्हणून किडनीतून सुटलेले तुकडेही पद्मजाचे. सख्ख्या बहिणी झाल्या तरी दोघींच्या डीएनएत ओळखण्याइतका फरक असतोच. तांदळाच्या दाण्याएवढा राखण्या कातडीखाली बसून केतकीच्या रक्तातले हे पद्मजाचे तुकडे मोजत राही. आकडा वाढला, की हल्ला सुरू झाला असं समजायचं. मग शेजारचा छोटा पंप औषध वाढवी आणि डॉक्टरांच्या फोनवर घंटा वाजे.

अडचण आली ती हॉकीची. जीव तोडून पळालं की किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो आणि थोड्या पेशी मरतातच. सुरुवातीला दर रविवारी दुपारी घंटा वाजायची, नको असताना औषध वाढायचं आणि गुरुवारपर्यंत केतकीचं तोंड फोडांनी भरायचं. म्हणून मनगटावर एक बँड आला. तो नाडी, घाम, ताप, धावणं सगळं राखण्याला कळवायचा. हळूहळू राखण्या शिकला. बाई तासभर पळालीय, मग आकडा दोन दिवस वर राहणार, त्याला माफी. अशी शिकवण झाल्यावर औषध निम्म्यावर आलं, फोड गेले, केतकीच्या गालांवर रंग आला.

मात्र या माफीला नेम लागायचा. सलग दोन रविवार खेळ चुकला, तर शिकलेलं सगळं बाजूला ठेवून राखण्या पुन्हा पूर्ण औषध सुरू करी. तीन महिने नव्यानं शिकणं, आणि तेवढे महिने मैदान बंद.

जानेवारीतल्या शनिवारी मिरजकरांशी वर्षाची मॅच असायची. ऑपरेशननंतर केतकीला ती एकदाही खेळता आली नव्हती. या वर्षी तिनं नवे बूट आणले, ते घरात घालून फिरायची. आणि मॅचच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी शहराची मोठी जलवाहिनी फुटली. केतकी दिवसभर गुडघाभर चिखलात उभी. तो रविवार गेला.

पुढच्या रविवारी पहाटे पद्मजा चहा घेऊन आली तर केतकी पांघरुणातच.

"ताई, आज उठवेना गं."

पद्मजानं कपाळाला हात लावला. "ताप आहे की!"

"कणकण आहे नुसती. ऑफिसात सगळे शिंकालेत. गोळी घेतो, जातंय."

"मग झोप."

"झोपून कसं चालेल? गेला रविवार पाइपानं खाल्ला. आज गेला की दोन झाले. मिरजेची मॅच शनिवारी आहे, ताई." केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेहेचाळीस वर्षांची बाई, पण पद्मजाला ती शाळेतल्या थंडीतलीच दिसली.

"दे तो बँड इकडं," पद्मजा म्हणाली. "मी घालतो."

"अगं, असं चालतंय होय?"

"न चालायला काय? मला पळायचंच आहे, तुझ्या वाटणीचंही पळतो. तुझी हजेरी मी काय आज पहिल्यांदा लावालोय?"

केतकी हसली. हसत हसतच तिनं बँड काढून दिला. बँड नव्या हातावर चढला तेव्हा त्याच्या काचेवर अक्षरं उमटली: 'केतकी सरनोबत, तुम्हीच आहात ना?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही. पद्मजानं 'होय' दाबलं.

मैदानावर आप्पांनी केतकीचं नाव घेतलं. पद्मजानं मान खाली घालून बारीक आवाजात 'हजर' म्हटलं आणि सगळी पोरं खो खो हसली. आप्पांनी तिच्या मनगटावरच्या बँडकडं पाहिलं, चष्मा सारखा केला आणि वहीत खूण केली. पद्मजा त्या दिवशी वाऱ्यासारखी खेळली. दोघींचं पळणं आपल्या अंगात आलंय असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ती फार आनंदात होती.

मॅचच्या आठवड्यात मंगळवारी आणि गुरुवारी जादा सराव होता. राखण्याला तो आधीच कळवलेला. मंगळवारी केतकीचं अंग दुखत होतं, म्हणून बँड पुन्हा पद्मजाच्या हातावर. गुरुवारीही तेच. मधल्या वेळात तो चार्जरजवळ पडून राहायचा. ताप असलेल्या हाताला तो लागलाच नाही. गुरुवारी संध्याकाळी केतकी पाय खुर्चीवर ठेवून बसली होती.

"पाय जड झालेत गं जरा. राखण्या काय म्हणतोय बघ."

पद्मजानं फोनवरचा राखण्याचा दिवा पाहिला. "हिरवा आहे."

"मग काही नाही. झोपून झोपून सुजले असतील."

"हिरवा आहे म्हटल्यावर काय असणार?" पद्मजा म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. राखण्याचं तोंड आपणच दाबून धरलंय, हे त्या दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं तो ओरडला की घाबरायचं आणि गप्प असला की निर्धास्त राहायचं, एवढंच त्या शिकल्या होत्या.

शनिवारी सकाळी केतकीनं दोन गोळ्या घेतल्या, बँड स्वतःच्या हातावर चढवला, किडनीला मार लागू नये म्हणून पद्मजानं शिवलेला कापसाचा पट्टा पोटावर बांधला आणि नव्या बुटांनी मैदानात उतरली. आप्पांनी नाव पुकारलं तेव्हा तिनं असा 'हजर' ठोकला, की मिरजकरही वळून बघायला लागले.

ती अकरा मिनिटं खेळली. नवव्या मिनिटाला तिनं डावीकडून दोघींच्या मधून चेंडू असा काढून दिला, की पद्मजाला नुसती स्टिक लावायची होती. गोल झाला. पद्मजा हात पसरून तिच्याकडं धावली. केतकीनंही हात वर केले, दोन पावलं आली आणि मैदानावर खाली बसली. मग आडवी झाली. बँड लाल झाला होता.

हॉस्पिटलात डॉक्टर शहनाज मुल्ला यांनी आलेख पडद्यावर लावला. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. दोघींना त्या नावानं ओळखत.

"हे बघा, आकडा रविवारपासून चढतोय. पण रविवारी खेळ, मंगळवारी खेळ, गुरुवारी खेळ. म्हणून यंत्रानं दर वेळी माफी दिली. केतकीताई, अंगात ताप असताना तिन्ही दिवस खेळलात तुम्ही?"

पद्मजानं तोंड उघडलं. खाटेवरून केतकीचा हात आला आणि त्यानं तिचा हात घट्ट दाबला.

"खेळलो," केतकी म्हणाली. "मॅच होती ना."

"इतकं? मग हा अतिश्रमाचा मार असू शकतो. सलाईन लावू, विश्रांती देऊ, यानं किडनी सावरते. किडनीचा तुकडा काढून तपासायला पाठवते, उद्या कळेल. हल्ला असता तर जबर औषध लगेच द्यावं लागलं असतं, पण इतक्या तापात ते उगाच दिलं तर जंतूच जीव घेतील. तिन्ही दिवस खेळलात म्हणता, तर थांबायला हरकत नाही."

पद्मजानं हे सगळं ऐकलं. कळलंही तिला. पण केतकीच्या बोटांची पकड सुटत नव्हती. आणि मनात एक हलकट विचार होता, तो तिनं पुढं स्वतःशी कबूल केला: बहुतेक श्रमानंच झालं असेल, सलाईननं उतरेल, आणि कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. अकरा वाजता सांगायचं ते तिनं बारावर ढकललं, बाराचं तीनवर. केतकीच्या पायावरची सूज गुडघ्यापर्यंत आली. लघवीची पिशवी रिकामीच राहिली.

संध्याकाळी सहाला ती डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"ती खेळली नाही. एकही दिवस नाही. बँड माझ्या हातात होता. ती घरी तापानं पडलेली होती."

डॉक्टर मुल्ला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, फोनवर दोन औषधांची नावं सांगितली आणि मग दारात थांबल्या.

"सहा दिवस," त्या म्हणाल्या. "सहा दिवस झाले म्हणजे हल्ल्याला."

"सकाळी सांगितलं असतं तर किडनी वाचली असती काय?"

"माहीत नाही, पद्मजाताई. कदाचित नाही."

"आणि यंत्रानं रविवारीच सांगितलं असतं तर?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. "तर वाचली असती."

अकरा दिवस सगळे उपाय झाले. बाराव्या दिवशी किडनी काढून टाकावी लागली. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक म्हणून पद्मजानं सही केली. तीन वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात तिनं देणारी म्हणून सही केली होती. आता दोघी बहिणींत मिळून एकच किडनी उरली होती, आणि ती जिच्या चुकीनं दुसरी गेली तिच्या पोटात होती. तीही काढून द्यायला पद्मजा त्याच दुपारी तयार होती. तसं तिनं डॉक्टरांना विचारलंही. त्यांनी नुसतं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

केतकी शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात सवयीनं पोटाच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथंच राहिला.

"तुझी होती गं ती," ती म्हणाली. "तू काढून दिलीस आणि मला सांभाळता आली नाही. माझं चुकलं, ताई."

"तुझं काय चुकलं? बँड मी मागितला. 'होय' मी दाबलं."

"डॉक्टरांना खोटं मी सांगितलं."

"माझ्यासाठी सांगितलंस."

"मग तू पण माझ्यासाठीच दाबलंस की."

दोघी रडल्या. पण एकीनं मागितलेली माफी दुसरीला घेता येईना. घेतली असती तर दुसरीचं चुकलं असं ठरलं असतं.

घरी आल्यावर त्या भांडेनाशा झाल्या. हेच सगळ्यांत वाईट होतं. मीठ जास्त झालं तरी केतकी गुपचूप जेवायची. टीव्हीचा आवाज मोठा झाला तरी पद्मजा काही बोलायची नाही. "तुला चालेल ना?" "तू म्हणशील तसं." परक्या घरी उतरलेल्या पाहुण्यांसारख्या त्या एकमेकींना जपून वागायच्या. एकदा तर पद्मजानं पाण्याचा पेला दिला, तेव्हा केतकीनं तिला थँक्यू म्हटलं. पद्मजा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

कंपनीनं पुढच्याच महिन्यात बँड बदलला. आता तो आधी सुईच्या टोकानं रक्ताचा थेंब घेतो आणि माणूस तोच आहे याची खात्री झाल्याशिवाय चालू होत नाही. देशभरातले अवयव बदललेले खेळाडू या टोचणीवर वैतागतात, कंपनीला शिव्या घालतात. त्यांना कोल्हापूरची गोष्ट माहीत नाही.

केतकीची डायलिसिसची पाळी आठवड्यातून तीनदा लागली. त्यातली एक नेमकी रविवारी सकाळी आली. पद्मजा तीन महिने दर रविवारी तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून राहिली. चौथ्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, नळ्या लावून झाल्यावर केतकी म्हणाली,

"आज ग्राउंडवर जा."

"नको."

"जा म्हणालोय ना! इथं बसून माझ्या तोंडाकडं काय बघतीस? तोंड म्हशीसारखं झालंय तुझं." बऱ्याच महिन्यांनी तिचा आवाज पूर्वीसारखा चढला होता. पद्मजा चमकली. केतकीनं मान वळवली आणि हळू आवाजात पुढचं बोलली. "आप्पांनी माझं नाव काढलेलं नाही वहीतनं. घेतात म्हणे दर रविवारी. पोरं गप्प बसतात. तू जा आणि काय आहे ते सांग त्यांना."

पद्मजा गेली. स्टिक घरीच होती, ती आणायला वळली नाही; सरळ मैदानावर जाऊन रांगेत उभी राहिली. आप्पा तिच्याजवळ आले.

"मी बघितलं होतं पद्मा," ते म्हणाले. "तुझ्या हातात केतकीचा पट्टा होता. शाळेत पण बघायचो. मला वाटायचं, बहिणी आहेत, असू दे."

आप्पा आपल्या जागी जाऊन उभे राहिले, त्यांनी वही उघडली आणि नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक 'हजर' येत गेला. तिचं नाव आलं, तिनं उत्तर दिलं. पुढच्या नावाशी आप्पा थांबले. या वेळी त्यांनी वहीतून डोकं वर काढलं आणि तिच्याकडं पाहिलं.

"केतकी सरनोबत."

पद्मजाची मान सवयीनं खाली गेली. ती तिनं वर केली. आवाज बारीक न करता, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"गैरहजर."